सही करण्याआधी विचार, चित्रात काय दिसलं

अगं, परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. तुमच्या शेजारच्या काकांना लकवा झाला, घरच्यांनी वेळेत हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊ, आणि कागद पुढे केला. 'मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं' हे ऐकल्यावर मुलाचा हात थांबला. मग एका भावाला फोन, मेव्हण्याला फोन, ओळखीच्या डॉक्टरांना फोन, आणि तेवढ्यात इंजेक्शनची वेळ टळली. आता काका अंथरुणाला खिळलेत आणि मुलगा मनातल्या मनात कुढतोय. तू विचारलंस, "ताई, उद्या मामंजींवर अशी वेळ आली आणि घरात मी एकटीच असले, तर मी सही करू का?"

डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार असतील तर बहुतेक वेळा करायची, हे माझं उत्तर. पण कशावर सही करतेयस हे तुला कळायला हवं. मी रोज मेंदूचे सीटी आणि एमआरआय वाचते. ज्या रक्तस्रावाच्या नावाने घरचे गारठतात, त्याची चाहूल त्या चित्रांत कितपत लागते, कुठे लागत नाही, आणि नातेवाइकांनी त्यातलं काय विचारून घ्यावं, एवढंच तुला सांगायचंय.

आधी हा रक्तस्राव होतो तरी कसा ते ऐक, निम्मी भीती तिथेच ओसरेल. मेंदूतली एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्या पुढच्या भागाचं रक्त तुटतं. तो सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा काही मिनिटांत जातो, भोवतालचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून मिळेल तेवढ्या रक्तावर तग धरून राहतो. सगळी धावपळ असते ती या तग धरलेल्या भागासाठी. पण उपासमार फक्त मेंदूच्या पेशींची होत नाही, तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंतींचीही होते. एरवी या भिंती फार घट्ट सांधलेल्या असतात, रक्तातलं मोजकंच काही मेंदूत जाऊ देतात. रक्त तुटून तास उलटायला लागले की हे सांधे सैल पडतात. आपल्या वावरातला पाट आठव. बरेच दिवस कोरडा राहून भेगाळला आणि वरून एकदम पाणी सोडलं, तर पिकाला पोचायच्या आधीच ते भेगांतून फुटतं. इथेही तसंच होतं. गुठळी विरघळली, रक्त जोराने परत आलं, आणि पुढच्या भिंती तोवर खचलेल्या असल्या, तर रक्त मेंदूत झिरपतं किंवा साचतं. त्यात औषध गुठळ्या विरघळवणारं, म्हणून ते लवकर थांबतही नाही. उशीर झाला की धोका का वाढतो आणि मेलेला भाग मोठा असला की डॉक्टर का कचरतात, दोन्हीचं कारण हेच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण डॉक्टर आकडाच सांगतात आणि नातेवाईक तेवढाच धरून बसतात. ज्या अमेरिकी अभ्यासामुळे हे औषध रूढ झालं तो डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ६२४ रुग्ण होते, सगळ्यांवर तीन तासांच्या आत उपचार सुरू झाले. ज्यांना अल्टेप्लेज हे औषध मिळालं त्यांच्यापैकी ६.४ टक्के लोकांना तब्येत बिघडवणारा रक्तस्राव झाला, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यापैकी ०.६ टक्के लोकांना. म्हणजे दहापट! इथवर ऐकलं की कुणाचाही हात थांबेल. पण पुढचं वाच. तीन महिन्यांनी औषधाच्या गटातले १७ टक्के रुग्ण दगावले होते, आणि औषध न मिळालेल्यांतले २१ टक्के. रक्तस्रावाने गेलेले लोक धरूनही मृत्यू वाढले नव्हते. आणि फारसं अपंगत्व न राहता बरं होण्याची शक्यता औषधाच्या गटात निदान ३० टक्क्यांनी जास्त होती. पुढे २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत तीन तासांवरून साडेचार तासांवर नेली. २०२२ मध्ये कॅनडात अल्टेप्लेज आणि टेनेक्टेप्लेज ही दोन औषधं समोरासमोर ठेवून पाहिली, तेव्हा असा रक्तस्राव दोन्ही गटांत तीन-साडेतीन टक्क्यांच्या आतच राहिला. टेनेक्टेप्लेजचं नाव लक्षात ठेव, कारण ते आपल्या पुण्यातही तयार होतं आणि आपल्याकडे बरंच वापरलं जातं.

आता माझा खरा मुद्दा ऐक. हे तीन किंवा सहा टक्के शेकडो माणसांची सरासरी आहे. मामंजींचा धोका तेवढाच असेल असं नाही, तो कमी असेल किंवा कितीतरी जास्त असेल. २०१२ मध्ये हेलसिंकीच्या डॉक्टरांनी एक साधी गुणपद्धत मांडली. रक्तातली साखर, सीटीवर दिसणारी सुरुवातीची खूण, गुठळीने पांढरट दिसणारी वाहिनी, वय आणि लकव्याची तीव्रता, अशा पाच गोष्टींवर शून्य ते सहा गुण द्यायचे. त्यांच्या रुग्णांत शून्य गुणवाल्यांपैकी दीड टक्क्यालाही रक्तस्राव झाला नाही. पाच गुणवाल्यांत मात्र तो तिघांत एकाला झाला. एकच औषध, तीच मात्रा, आणि धोक्यात एवढा फरक! पाचांतल्या दोन गोष्टी थेट चित्रातून आल्या आहेत, हे तुझ्या लक्षात आलं असेल. सरासरीचा आकडा तुझ्या माणसाच्या जवळ आणायचं काम चित्र करतं ते असं. मात्र केवळ अशा गुणांवरून कुणाला औषध नाकारू नये, असंच जाणकार सांगतात. जास्त गुण पडलेला माणूस औषधावाचून ठणठणीत होतो असं थोडंच आहे? त्याचा लकवाच मोठा असतो.

मग चित्रात मी नेमकं बघते काय? साधा सीटी काही मिनिटांत होतो आणि सगळ्यांत आधी तोच करायचा. पहिला प्रश्न एकच: आत आधीच रक्त आहे का? लकवा गुठळीनेही होतो आणि वाहिनी फुटूनही होतो. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाहिनी फुटली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध विषासमान. १९७१ मध्ये लंडनच्या विम्बल्डन भागातल्या हॉस्पिटलात हौन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला. त्याआधी हा फरक असा सरळ डोळ्यांनी बघायची सोयच नव्हती. सीटीवरची घनता आजही त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. ताजं रक्त साधारण ६० ते ८० एकक भरतं, म्हणून ते करड्या मेंदूत पांढरं उठून दिसतं. ते चुकायची शक्यता कमी.

दुसरा प्रश्न अवघड: किती भाग मेलाय? पहिल्या तासा-दोन तासांत मेंदू जवळपास नेहमीसारखाच दिसतो. मेंदूच्या वरच्या करड्या थराची आणि आतल्या पांढऱ्या भागाची घनता मुळातच थोड्याच एककांनी वेगळी, आणि रक्त तुटल्यावर करडा थर उतरतो तो अगदी थोडा. म्हणून आम्ही पडद्यावरच्या उजेड-अंधाराची पट्टी मुद्दाम अरुंद करतो, म्हणजे थोडासा फरकही डोळ्याला टोचतो. मग डावं-उजवं ताडून बघायचं. कानशिलाच्या आत, खोल घडीत दडलेली इन्सुला नावाची एक पट्टी असते. निरोगी बाजूला तिची करडी रेघ स्वच्छ दिसते. रक्त तुटलेल्या बाजूला ती रेघ पुसट होते, आणि आतल्या गाठींची कड हरवते. एवढ्याशा पुसटपणावर बरंच काही ठरतं.

या पुसटपणाचं माप घ्यायला कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉक्टरांनी २००० मध्ये ॲस्पेक्ट्स नावाची पद्धत आणली. मेंदूतल्या मधल्या मोठ्या धमनीचा मुलूख दहा भागांत वाटायचा. सगळं ठीक असेल तर दहापैकी दहा. जो भाग बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण वजा. सातच्या वर गुण असलेल्यांना औषधानंतर रक्तस्राव कमी झाला, सात किंवा खाली असलेल्यांना जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणून डॉक्टरांच्या तोंडून 'ॲस्पेक्ट्स नऊ आहे' असं कानावर पडलं, तर मेलेला भाग अजून लहान आहे असं समज. 'पाच आहे' म्हणाले, तर बराच भाग गेलाय.

एमआरआय याहून बारीक सांगतो. त्यातल्या एका तंत्रात मेंदूत पूर्वी कधीतरी झिरपून वाळलेल्या रक्ताचे काळे ठिपके दिसतात. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असणं हे त्यांचं एक मोठं कारण. आमच्या लेखी हे ठिपके म्हणजे भिंती आधीच नाजूक असल्याची खूण. दहापर्यंत ठिपके असले तरी औषध देणं रास्त मानलं जातं. त्याहून जास्त असले तर धोका बराच वाढतो, आणि मग औषधाने खरंच फायदा होईल का याचा डॉक्टर फेरविचार करतात. पण हे ठिपके शोधण्यासाठी म्हणून सगळ्यांचा एमआरआय करत बसू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याचं कारण पुढे सांगते.

सैल पडलेले सांधे थेट बघता आले तर? यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी छान काम केलं, त्यांचा लेख २०१४ मध्ये आला. एमआरआयमध्ये रक्तप्रवाह बघण्यासाठी शिरेतून एक द्रव्य सोडतात. भिंती शाबूत असतील तर ते वाहिन्यांतूनच पुढे निघून जातं. सांधे सैल झाले असतील तर थोडं मेंदूत पाझरतं. हा पाझर त्यांनी आकड्यांत मोजला, आणि उपचाराआधीच ज्यांचा पाझर जास्त होता त्यांना नंतर रक्तस्रावाचा धोका जास्त असल्याचं दिसलं. वेगळं नवं इंजेक्शन किंवा नवं यंत्र लागलं नाही, रक्तप्रवाहाच्या तपासणीतल्याच माहितीतून हा आकडा निघाला, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं. उद्या कदाचित यामुळेच एखाद्याला पाच तासांनंतरही औषध देता येईल आणि एखाद्याला दोन तासांतही थांबवता येईल. आज मात्र रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णासाठी आपल्या भागातल्या हॉस्पिटलात हे मोजमाप होतं असं धरून चालू नकोस.

संगणकाबद्दलही तू विचारलं होतंस. मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहिला. जवळपास तीन लाख सीटींवर तयार केलेली त्यांची प्रणाली मेंदूतलं रक्त, फ्रॅक्चर असं काय काय ओळखू शकते. रेडिओलॉजिस्ट जाग्यावर नसलेल्या हॉस्पिटलात याचा मोठा आधार होऊ शकतो. फक्त एक फरक मनात ठेव: झालेला रक्तस्राव ओळखणं वेगळं, आणि होणार आहे की नाही हे आधी सांगणं वेगळं. दुसरं काम फार अवघड, कारण त्यात चित्राबरोबर बीपी, साखर, वय, गोळ्या, गेलेला वेळ, हे सगळं येतं. संगणकाने ॲस्पेक्ट्सचा आकडा काढून दिला तरी खाटेवरच्या माणसाकडे बघून निर्णय घ्यायला डॉक्टरच लागतो.

आणखी एक गोष्ट सांगते, माझ्या कामात मला ती फार महत्त्वाची वाटते. चित्र वाईट दिसलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते. बराच काळ असं होतं की ॲस्पेक्ट्स पाच किंवा खाली असलं की ही प्रक्रिया करत नसत, रक्तस्रावाच्या भीतीने. २०२२ मध्ये जपानमधला एक अभ्यास आला. त्यात मुद्दाम असेच मोठं नुकसान झालेले रुग्ण घेतले होते. ज्यांची गुठळी काढली त्यांच्यापैकी ५८ टक्क्यांच्या मेंदूत नंतर कुठे ना कुठे रक्त दिसलं, ज्यांची काढली नाही त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांच्या. एवढ्यावर थांबलं तर प्रक्रिया घातक वाटेल. पण तीन महिन्यांनी कुणाच्या आधाराशिवाय चालू शकणारे लोक पहिल्या गटात ३१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात जेमतेम १३. यातून दोन गोष्टी घे. रक्तस्रावाचा धोका आणि बरं होण्याची संधी एकाच माणसात एकत्र असू शकतात. आणि चित्रावर दिसलेलं सगळंच रक्त घात करणारं नसतं. मेलेल्या भागात ठिपक्याठिपक्यांनी झिरपलेलं रक्त रुग्णाला पुष्कळदा जाणवतही नाही. गोळा होऊन साचलेलं आणि शेजारच्या मेंदूला दाबणारं रक्त हे खरं संकट. म्हणून पुढे कधी 'रिपोर्टमध्ये रक्त आलंय' असं कुणी म्हणालं, तर लगेच हातपाय गाळू नकोस. 'कसलं? ठिपके की साचलेलं? त्याने मेंदूवर दाब पडतोय का?' हे विचार.

आता ज्याच्यावर बोट ठेवायचं होतं ते. इतकं सगळं चित्रात दिसतं, तर मग आणखी बारीक, आणखी खात्रीचं चित्र का नको? कारण चित्राला वेळ लागतो. मोठी वाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर सरासरी मिनिटाला १९ लाख मज्जापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला. धोका जास्त अचूक सांगणारी तपासणी अर्धा-पाऊण तास खाणार असेल, तर त्या वेळात मेलेला भाग मोठा होतो, सांधे आणखी सैल पडतात, म्हणजे जो धोका मोजायचा होता तोच वाढतो. म्हणून साडेचार तासांच्या आत आलेल्या बहुतेकांना साधा सीटी पुरे, आणि त्यात रक्त नसेल, भला मोठा भाग मेलेला नसेल, तर औषध लगेच सुरू. उशिरा पोचलेल्यांची, किंवा झोपेतून उठतानाच लकवा लक्षात आलेल्यांची गोष्ट निराळी. तिथे वेळच माहीत नसते, म्हणून चित्राला घड्याळाचं काम करावं लागतं. एमआरआयच्या एका तंत्रात बिघाड दिसतो आणि दुसऱ्यात अजून दिसत नाही, तर लकवा ताजा आहे असं मानता येतं. २०१८ मध्ये युरोपातल्या अभ्यासात अशा निवडलेल्यांना औषध दिलं, तेव्हा ५३ टक्के चांगले सावरले, न दिलेल्यांत ४२ टक्के. अशा वेळी डॉक्टर एमआरआय करू म्हणाले, तर 'उगाच वेळ घालवतात' असं म्हणू नकोस. आणि वेळेत पोचलेल्या माणसासाठी, 'आधी एमआरआयच करा ना, खात्री होईल' असा हट्टही धरू नकोस. हा हट्ट प्रेमापोटी असतो, पण तो महाग पडतो.

तर कागद पुढे आला की काय विचारायचं? सीटीत रक्त आहे का? मेलेला भाग किती मोठा दिसतोय? मोठी वाहिनी बंद आहे का, आणि असेल तर गुठळी काढायची सोय इथे आहे की पुढे न्यावं लागेल? आमच्या माणसात रक्तस्रावाचा धोका वाढवणारं आणखी काही आहे का? बस, चारच प्रश्न. सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि कुठलाही भला डॉक्टर ती देतो. पहिल्याचं उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचं 'लहान' असेल, आणि डॉक्टर औषध द्या म्हणत असतील, तर सही कर. फोन नंतर करता येतील. आणि डॉक्टरच 'या माणसाला इंजेक्शन देणं बरोबर नाही' म्हणाले, तर त्यामागेही कारणं असतात: रक्त पातळ करणारी गोळी नुकतीच घेतलेली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, अलीकडेच झालेलं मेंदूचं ऑपरेशन, किंवा औषध देऊनही १८५/११० च्या खाली न येणारं बीपी. त्यावर भांडू नकोस, त्याऐवजी गुठळी काढण्याचा मार्ग आहे का ते विचार.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन अंदाजपंचे सांगू नकोस. अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यातलं साडेपाचच्या आत एकदम शिरेत आणि बाकीचं तासभर सलाईनसारखं. टेनेक्टेप्लेज मात्र काही सेकंदांत एकदाच दिलं जातं. सोपं पडतं, पण ते मध्येच थांबवता येत नाही. म्हणून त्याच्या आधी वाचलेलं चित्र नीट असावं लागतं.

इंजेक्शन दिलं म्हणजे संपलं असं समजून सगळे चहाला गेलेले मी पाहिलेत. पुढचे चोवीस तास जागतं राहायचं असतं. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला सिस्टर येऊन हात उचलायला लावतील, नाव विचारतील, बीपी बघतील. रुग्णाला झोपू देत नाहीत म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. बीपी १८०/१०५ च्या खाली राहणं हा रक्तस्राव टाळायचा एक मोठा उपाय आहे. तू जवळ असशील तर चार गोष्टींवर डोळा ठेव: अचानक जोराची डोकेदुखी, उलटी, वाढती गुंगी, आणि सुधारत आलेला हात पुन्हा लुळा पडणं. यातलं काहीही दिसलं तर बेल दाबून वाट बघत बसू नकोस, उठून हाक मार. सलाईन चालू असेल तर ते लगेच थांबवतात, सीटी पुन्हा करतात, आणि रक्त असेल तर गोठण्याची ताकद परत आणणारी औषधं देतात. सगळं ठीक असलं तरी चोवीस तासांनी सीटी होतोच. त्यात रक्त नाही हे बघून मगच ॲस्पिरिन सुरू करतात. म्हणून 'अजून गोळ्या का नाही दिल्या?' असा तगादा लावू नकोस.

आता आजच्या आज करायच्या गोष्टी सांगते, कारण त्या वेळी काही सुचत नाही. मामंजींच्या सगळ्या गोळ्यांची यादी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. त्यांना हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिचं नाव आणि रोज घेण्याची वेळ ठळक लिहून ठेव, डॉक्टर तेच पहिल्यांदा विचारतील, कारण वर सांगितलं तसं इंजेक्शन देता येईल की नाही हे त्यावरही ठरतं. त्यांचं वजन करून घे. तुमच्या भागात चोवीस तास सीटी चालू असलेलं आणि हे इंजेक्शन देणारं हॉस्पिटल कोणतं, याची चौकशी फॅमिली डॉक्टरांकडे कर. जवळचं पण सीटी नसलेलं हॉस्पिटल आधी गाठलं, तर तास तिथेच जातो. तोंड वाकडं, हात गळालेला, बोलणं अडखळतंय, एवढं दिसलं की १०८ ला फोन लाव आणि शेवटचं किती वाजता ठीक होते हे आठवून लिहून ठेव. घरी ॲस्पिरिन देऊ नकोस, बीपीची जास्तीची गोळी देऊ नकोस, पाणीसुद्धा पाजू नकोस. गुठळी की रक्तस्राव हे सीटीशिवाय तुलाच काय, मलाही सांगता येणार नाही. आणि कुणी पारव्याचं रक्त चोळा म्हणेल, कुणी अमक्या गावचं औषध सांगेल. सासूबाईंच्या माहेरची मंडळी तर नक्की सांगतील. त्यांना दुखवू नकोस, 'आधी सीटी करून येतो, मग बघू' म्हण आणि गाडीत बस.

शेवटचं एक काम, आणि ते तुलाच करावं लागेल. जेवणं झाल्यावर मामंजींच्या जवळ बस आणि त्यांनाच विचार, अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवं? थोडा धोका घेऊन पायावर उभं राहायचा प्रयत्न करायचा का? सासूबाई आणि दीर समोर असतानाच विचार, म्हणजे नंतर कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही. त्यांनी 'कर' म्हटलं की तुझी सही त्यांच्या मनाप्रमाणे होईल, आणि हात थरथरला तरी थांबणार नाही. हे विचारलंस की मला कळव, मग कुठल्या हॉस्पिटलात सीटी आणि इंजेक्शनची सोय आहे ते आपण दोघी मिळून शोधू.